ओपनिंग बुकातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रेंचवाले, डेटाबेसवाले, कुणीतरी बघा!

अडीचघर (धागाकर्ता), शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, चार दिवस डोकं उठलंय म्हणून धागा काढतोय.

पुढच्या महिन्यात बुद्धिबळाची एक रेटिंग स्पर्धा खेळायची आहे. काळ्या मोहऱ्यांनी मी कॉलेजपासून फ्रेंच बचाव (१. ई४ ला ई६ हे उत्तर) खेळतो, दुसरं काही येतही नाही. यंदा म्हटलं, नीट तयारी करू. लॅपटॉपवर एक मोफत प्रोग्राम आहे, त्यात ओपनिंग ट्री आणि बुक (कुठल्या स्थितीत कुठली चाल किती डावांत झाली आणि निकाल काय लागले, याचा तक्ता) बनवायची सोय आहे. तीन ठिकाणचे डाव एकत्र केले: 'द वीक इन चेस'चे दर आठवड्याचे पीजीएनचे (डाव लिहून ठेवायच्या मजकूर-फाइलींचे) गठ्ठे, मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला एक जुना मोठा डेटाबेस आणि माझे स्वतःचे ऑनलाइन डाव. बुक झालं तयार. आता गंमत बघा.

१. ई४ ई६ २. डी४ या स्थितीत २... डी५ समोर ४१,२१२ डाव दिसतात. तीच चाल खेळून एक पाऊल पुढे गेलो की वर एकूण डाव ४३,९५०! मधल्यामध्ये २,७३८ डाव आले कुठून?

त्याच २... डी५ समोर ५५ टक्के लिहिलंय. मी खूश. पण लिचेस या साइटच्या एक्स्प्लोररमध्ये त्याच जागी काळ्याची पट्टी पांढऱ्यापेक्षा आखूड दिसते.

फ्रेंचच्या एक्स्चेंज प्रकारात ३. ई×डी५ ई×डी५ ४. सी४ ला पांढऱ्याचे ८८ टक्के, डाव १७. एवढी जालीम चाल असेल तर सगळं जग तीच का खेळत नाही?

आणि याच डावांचं पॉलीग्लॉटचं 'बिन' बुक (इंजिनाला चाली पुरवणारी फाइल) काढलं तर तिथे टक्के तिसरेच.

प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, इंडेक्स दोनदा नव्याने बांधला. काही फरक नाही. प्रोग्राम खराब आहे की मी?

---

उंटावरचा_शहाणा, शनिवार, रात्री ११:५८

दोन्ही. :)

टक्के बघून ओपनिंग खेळण्याचे दिवस गेले हो. इंजिन (स्थिती जोखणारा प्रोग्राम) लावा, शून्य पूर्णांक तीन प्याद्यांचाच फरक म्हणतंय ना, मग झालं. मी काळ्याने कॅरो-कान बचाव खेळतो, बुकात काळ्याचे ५४ टक्के दिसतात, सुखी आहे.

---

कोपऱ्यातला_हत्ती, रविवार, सकाळी ७:१५

शहाणे, इंजिन समोरच्या माणसाचा अंदाज देत नाही. १६०० रेटिंगच्या माणसाला कुठली स्थिती खेळायला जड जाते, हे आकड्यांतूनच कळतं. असो.

अडीचघर, तुमची चार दुखणी वेगवेगळी दिसतात, एकाच औषधाने जाणार नाहीत. ५५ टक्क्यांपासून सुरू करू, ते सोपं आहे.

टक्के कुणाचे? काही प्रोग्राम ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने टक्के दाखवतात, काही कायम पांढऱ्याच्या बाजूने. स्किड हा डेटाबेस प्रोग्राम कायम पांढऱ्याच्याच बाजूने मोजतो: १०० म्हणजे सगळे डाव पांढऱ्याने जिंकले, ० म्हणजे सगळे काळ्याने. तुमच्या प्रोग्रामचं मला माहीत नाही, पण मदत-पुस्तिका चाळण्यापेक्षा चाचणी सोपी. एक नवा रिकामा डेटाबेस करा. त्यात एकच डाव टाका, पांढऱ्याने जिंकलेला. ट्री उघडा. पांढऱ्याच्या पहिल्या चालीसमोर १०० दिसेल. मग काळ्याच्या उत्तरासमोर काय दिसतं ते सांगा. तिथेही १०० असेल तर टक्के पांढऱ्याचे. ० असेल तर चाल करणाऱ्याचे.

एवढं एक करा आणि इथे लिहा.

---

अडीचघर, रविवार, सकाळी ८:०२

१०० आणि १००.

म्हणजे ते ५५ टक्के पांढऱ्याचे?? आणि मी तीन वर्षं क्लबात सांगत सुटलोय की फ्रेंच काळ्याला चांगला जातो, आकडे बघा म्हणून!

---

विदर्भी_वजीर, रविवार, सकाळी ८:२०

हा हा हा. राजेहो, तीन वर्षं! क्लबातल्या पोरांनी ऐकून फ्रेंच धरला असंल तर आता त्यांच्या घरी जाऊन माफी मागा.

५५ मध्ये नवल नाही म्हणा. पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतोच, मोठ्या डेटाबेसात सगळ्या डावांचा मिळून पांढऱ्याचा हिशोब ५४-५५च्या आसपासच निघतो. म्हणजे फ्रेंच चारचौघांसारखाच. वाईटही नाही अन् जादूही नाही.

अजून एक. 'यश' आणि 'विजय' यात घोळ घालू नका. समजा पांढऱ्याने ३८ जिंकले, ३४ बरोबरीत, २८ हरला. विजय ३८ टक्के, पण यश ५५, कारण बरोबरीचा अर्धा गुण धरतात. लिचेसची तीन रंगांची पट्टी विजय, बरोबरी, पराभव वेगळे दाखवते. तुमचा प्रोग्राम एकच आकडा देतो. दोन्ही शेजारी ठेवले तर भांडणारच.

---

अडीचघर, रविवार, सकाळी ८:४१

बरोबर, तोच घोळ होता. दुसरं दुखणं गेलं. पण पहिलं? ४१,२१२ आणि ४३,९५०?

---

चौसष्ट_घरं, रविवार, दुपारी १२:३०

ते तर सोप्पं आहे. ट्रान्सपोझिशन. चालीसमोरचा आकडा म्हणजे 'या स्थितीतून ही चाल किती डावांत झाली', आणि पुढच्या पानावरचा एकूण आकडा म्हणजे 'ही स्थिती कुठूनही येऊन किती डावांत आली'. फ्रेंचची स्थिती १. डी४ ई६ २. ई४ डी५ अशीही येते. हे दोन आकडे सारखे नसणं हेच बरोबर. दादर स्टेशनवरून निघालेली आणि ठाण्याला पोचलेली माणसं मोजली तर सारखी भरतील का? कुर्ल्याहून चढलेलेही असतातच ना.

(माझी लेक १३ वर्षांखालच्या गटात खेळते. तिची फाइल मीच सांभाळते, त्यामुळे हे सगळं सोसून झालंय.)

---

बिटवाला, रविवार, दुपारी १:१०

ताई, उदाहरण झकास, पण या जागी ते पूर्ण लागू पडत नाही. जरा थांबा.

१. ई४ ई६ २. डी४ आणि १. डी४ ई६ २. ई४. दोन्हीनंतर पट हुबेहूब सारखा. मग २... डी५ खेळण्याच्या आधीच दोन्ही वाटा एकत्र यायला हव्यात. म्हणजे दुसऱ्या वाटेने आलेले डाव डी५ समोरच्या आकड्यात आधीच मोजलेले असायला हवेत. ते पुढच्या पानावर उगवायला नकोत.

अडीचघर, एक करून बघा. ट्रीमध्ये १. डी४ ई६ २. ई४ अशा क्रमाने जा आणि एकूण आकडा सांगा. शिवाय १. डी४ डी५ २. ई४ ई६ हाही क्रम बघा, ब्लॅकमार गँबिट नाकारून फ्रेंचमध्ये आलेला.

---

अडीचघर, रविवार, दुपारी २:२५

ई४ ई६ डी४ ने गेलो: एकूण ४२,००५. त्यातले डी५ ४१,२१२.
डी४ ई६ ई४ ने गेलो: एकूण २,८४६. त्यातले डी५ २,७३८.

२,७३८! सापडले!! पण पट तर तोच आहे की हो. एकाच पटाला दोन आकडे?

आणि डी४ डी५ ई४ ई६ ने गेलं की एकूण ९७च. तिथेही पट फ्रेंचचाच, आणि ४३,९५० दिसायला हवे होते. मात्र तिन्ही वाटांवर पुढे ३. घोडा सी३ खेळलं की तिन्हीकडे एकच आकडा येतो. हे काय गौडबंगाल आहे?

---

बिटवाला, रविवार, दुपारी ३:०५

वाटलंच होतं. हा एन पासांचा (दोन घरं धावलेल्या प्याद्याला, ते एकच घर गेलं असं धरून, शेजारच्या प्याद्याने लगेच मारायच्या नियमाचा) घोळ आहे. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

प्रोग्राम पट लक्षात ठेवत नाही, पटाचा एक क्रमांक काढून तो लक्षात ठेवतो. त्याला हॅश किंवा की म्हणतात. कुठलं मोहरं कुठल्या घरात, चाल कुणाची, किल्लेकोटाचे हक्क कुणाचे शिल्लक, आणि एन पासां कुठल्या स्तंभावर शक्य, यावरून तो ठरतो. गोची शेवटच्या गोष्टीत आहे.

स्थिती लिहायची जी फेन पद्धत आहे, ती १९९४च्या पीजीएन मानकात आली. त्यात नियम असा: प्यादं दोन घरं पुढे गेलं की मागचं घर एन पासांचं म्हणून लिहायचंच, मग ते मारायला समोर कुणी असो वा नसो. आता बघा. ई४ ई६ डी४ मध्ये शेवटी दोन घरं धावलं ते डी स्तंभावरचं प्यादं, म्हणून फेनमध्ये डी३ येतं. डी४ ई६ ई४ मध्ये ई३. पट एकच, पण लिहिलेली ओळ वेगळी, म्हणून क्रमांक वेगळा, म्हणून डबे दोन. पुढे काळ्याने डी५ खेळलं की दोन्हीकडे डी६ लिहिलं जातं आणि दोन्ही डबे एक होतात. तुमचे २,७३८ तिथे 'उगवतात'.

डी४ डी५ ई४ ई६ मध्ये शेवटची चाल ई६, एकच घर. एन पासां काहीच नाही. म्हणून ते ९७ अजून वेगळ्या डब्यात. घोडा सी३ झाला की कुणाकडेच एन पासां उरत नाही, सगळे एकत्र. तुमच्या निरीक्षणाशी तंतोतंत जुळतं.

शहाणा प्रोग्राम काय करतो? समोरचं प्यादं खरोखर शेजारी उभं असेल तरच एन पासां मोजतो. पॉलीग्लॉटच्या पद्धतीत हाच नियम आहे. आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांतही तीनदा तीच स्थिती आली की बरोबरीचा दावा करताना एन पासांने मारता येत होतं का हेच बघतात, प्यादं नुसतं धावलं होतं का हे नाही. म्हणजे पंचाला जे कळतं ते तुमच्या प्रोग्रामला कळत नाही!

तुमच्या हातात उपाय दोन. प्रोग्रामची नवी आवृत्ती असेल तर ती घ्या. नसेल तर सध्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या चालीचे आकडे बघूच नका, त्या पुढच्या शांत स्थितीतले बघा. शेवटची चाल मोहऱ्याची असेल तर आकडा धड असतो.

---

चौसष्ट_घरं, रविवार, दुपारी ३:४०

बाप रे. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे)!

माझं दादर-ठाणे मागे घेते. म्हणजे स्टेशन एकच होतं, तिकीट खिडक्या तीन होत्या.

---

बिटवाला, रविवार, दुपारी ३:५२

ताई, हे माझ्यापेक्षा बरं सांगितलंत. :)

स्वतः पायथनमध्ये मोजदाद करणाऱ्यांसाठी अवांतर. मीही शेण खाल्लंय, म्हणून लिहितो. पूर्ण फेनची ओळ कधीही की म्हणून वापरू नका. तिच्या शेपटीला दोन आकडे असतात: पन्नास चालींच्या नियमाचा काटा आणि चालीचा क्रमांक. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ ई×डी५ ४. घोडा एफ३ घोडा एफ६ ही पाचव्या चालीवरची स्थिती. पेट्रॉफ बचावातून १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घो×ई५ डी६ ४. घोडा एफ३ घो×ई४ ५. डी३ घोडा एफ६ ६. डी४ डी५ अशी हीच स्थिती सातव्या चालीवर येते. पटावर मांडून बघा, मोहरं न मोहरं तेच. पण फेनच्या शेपटीमुळे माझ्या स्क्रिप्टने दोन्ही वेगळ्या धरल्या आणि मी आठवडाभर पेट्रॉफवाल्यांना शोधत बसलो. ईपीडी (फेनचंच आखूड रूप) वापरा, त्यात ती शेपटी नसते.

---

उंटावरचा_शहाणा, रविवार, संध्याकाळी ६:१०

एवढं सगळं एका प्याद्यासाठी. असो, त्या ८८ टक्क्यांचं काय झालं? मला ती ४. सी४ खेळायची आहे.

---

कोपऱ्यातला_हत्ती, रविवार, संध्याकाळी ६:३५

घाई करू नका शहाणे.

अडीचघर, त्या १७ डावांची यादी उघडा. नुसता आकडा नाही, यादी. खेळाडू, वर्ष, निकाल, चालींची संख्या. तीन ठिकाणचा माल एकत्र केलाय म्हणताय, तिथे दुहेरी डाव नसतील तर मी मिशी उतरवीन.

---

अडीचघर, रविवार, रात्री ९:५०

मिशी शाबूत आहे तुमची.

१७ डावांत १४ विजय, २ बरोबरी, १ पराभव, म्हणून १५ गुण, ८८ टक्के. यादी बघितली तर एकच डाव सहा वेळा आणि दुसरा एक पाच वेळा! दोन्ही पांढऱ्याने जिंकलेले. प्रोग्रामच्या 'दुहेरी डाव काढा' या सोयीतून आधी गेलो होतो, तिला एकही सापडला नव्हता, कारण सहाच्या सहा ठिकाणी नावं वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली.

दुहेरी काढल्यावर उरले ८ डाव: ५ विजय, २ बरोबरी, १ पराभव. ७५ टक्के.

---

कोपऱ्यातला_हत्ती, रविवार, रात्री १०:१५

नावांचा हा रोग आपल्याकडे जास्त, कारण आडनाव-नाव असा युरोपी साचा आपल्या नावांना बसतच नाही. आपल्या नाशिकच्या विदितचंच घ्या. एकीकडे 'गुजराथी, विदित संतोष', फिडेच्या यादीत 'विदित, संतोष गुजराथी'. गुकेश कुठे 'गुकेश डी', कुठे 'डोम्माराजू, गुकेश'. आनंद हे आडनाव नाहीच, तरी जगभर 'आनंद, व्ही' असं छापतात. प्रोग्रामला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात.

म्हणून दुहेरी शोधताना नावावर विसंबू नका. पीजीएनमध्ये फिडे आयडीचा टॅग असेल तर तो जुळवा, आठवडी गठ्ठ्यांत बहुधा असतो. नसेल तर चाली जुळवा. डेव्हिड बार्न्सचं पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट हे मोफत अवजार चालींवरून दुहेरी डाव गाळतं, काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची तयारी असेल तर त्यासारखं दुसरं नाही.

पण चालींवरून गाळण्यातही दोन खड्डे आहेत, मी दोन्हींत पडलोय.

पहिला: खऱ्या वेगवेगळ्या डावांच्या चाली सारख्या असू शकतात. बर्लिन बचावात तो ठरलेला तह आहे ना, पांढरा वजीर ई४ ला येऊन शह देणार, काळा ई६ ला मध्ये येणार, मग डी४, डी६, पुन्हा ई४... तो कितीतरी जोड्यांनी चालीगणिक तसाच खेळलाय. नुसत्या चाली जुळवून गाळलं तर तिथल्या बरोबऱ्या उडतात आणि बर्लिन आहे त्यापेक्षा तिखट दिसायला लागतो. लहान मुलांच्या डावांत चार चालींत शहमात होते, तिचंही तेच. तेव्हा चालींबरोबर वर्ष आणि रंगानुसार रेटिंगही जुळवा.

दुसरा खड्डा उलटा: एकच डाव, पण शेवट वेगळा. इलेक्ट्रॉनिक पटावर डाव संपला की निकाल कळवायला दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवतात. कधीकधी ते ठेवणंच चाल म्हणून नोंदलं जातं. मग एका प्रतीत डाव ४१ चालींचा, दुसरीत ४२ आणि शेवटी राजा उडी मारून ई४ वर! पूर्ण डाव जुळवणाऱ्या प्रोग्रामला हे दोन डाव वाटतात. मी पहिल्या २५ चाली जुळवतो.

---

विदर्भी_वजीर, रविवार, रात्री १०:४०

उडी मारून ई४ वर बसलेले राजे म्या लय पाह्यले. पहिल्यांदा वाटलं, येवढा मोठा ग्रँडमास्टर, असं काऊन करून राहिला?

निकालाचाही घोळ तपासा, अडीचघर. पीजीएनमध्ये निकाल दोनदा लिहितात, वर टॅगमध्ये अन् चालींच्या शेवटी. दोन्ही वेगळे असले की काही प्रोग्राम वरचा धरतात, काही खालचा. शिवाय निकालाच्या जागी नुसती चांदणी असलेले डाव. म्हणजे अर्धवट किंवा निकाल अज्ञात. ते डावांच्या संख्येत मोजले जातात, टक्क्यांत नाही. विजय-बरोबरी-पराभव मिळून १०० भरत नसतील तर पहिला संशय चांदणीवर.

---

अडीचघर, सोमवार, सकाळी ७:३०

झोप नाही नीट. आठही डाव उघडून शेवटपर्यंत बघितले.

त्या पाच विजयांतला एक विजय नाहीच! टॅगमध्ये पांढरा जिंकला, चालींच्या शेवटी काळा जिंकला, आणि पटावर शेवटच्या स्थितीत पांढऱ्याचा आख्खा हत्ती कमी. म्हणजे ४ विजय, २ बरोबरी, २ पराभव. ८ पैकी ५ गुण, ६२.५ टक्के.

८८ वरून ६२.५!

---

चौसष्ट_घरं, सोमवार, सकाळी ९:०५

आणि ८ डावांत एक निकाल फिरला तर साडेबारा टक्के हलतात, हेही धरा. मी लेकीच्या फाइलीत ३० डावांखालच्या चालींचे टक्के बघतच नाही, डाव उघडून बघते. १०० डाव असले तरी, एक तृतीयांश बरोबऱ्या धरून, आठेक टक्के इकडेतिकडे निव्वळ नशिबाने होऊ शकतात. ५५ आणि ५९ यात फरक आहे असं म्हणायला हजारांच्या घरात डाव लागतात.

दुसरं म्हणजे, कोण खेळलंय? त्या आठांत पांढऱ्याचं रेटिंग किती, काळ्याचं किती? रेटिंगच्या एलो सूत्रात १०० गुणांनी वरचढ माणसाला ६४ टक्के अपेक्षित असतात, २०० असतील तर ७६. उरलेले ६२.५ म्हणजे चालीची करामत की माणसाची, ते बघायला हवं.

---

अडीचघर, सोमवार, सकाळी ९:४०

सहा डावांत पांढरा किमान १५० ने वर. ताई, मी आता ४. सी४ ला घाबरणं सोडलं.

---

उंटावरचा_शहाणा, सोमवार, सकाळी ९:४४

आणि मी खेळणं.

---

चौसष्ट_घरं, सोमवार, सकाळी १०:२०

:) एक सावधगिरी, विशेषतः मुलांच्या पालकांसाठी. रेटिंगची चाळणी लावताना १ मार्च २०२४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी फिडेने २००० खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका फटक्यात वर नेलं: २००० पासून जितकं कमी, त्याच्या ४० टक्के वाढ. १५०० चा १७०० झाला, १४०० चा १६४०, आणि तळ १००० वरून १४०० वर आला. म्हणजे तुम्ही '१६०० ते १८००' अशी चाळणी लावली तर २०२३ चे आणि २०२५ चे डाव वेगळ्याच ताकदीच्या मुलांचे असतात. मी दोन्ही एकत्र करून लेकीला सांगितलं की तुझ्या गटात लंडन ओपनिंगला आता कुणी नीट उत्तर देत नाही. तिने खेळून पाहिलं. पहिल्याच फेरीत नीट उत्तर मिळालं.

आता मी त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन वेगळे डेटाबेस ठेवते.

---

पटावरचा_पाहुणा, सोमवार, दुपारी १:००

विषयांतर, पण राहवत नाही. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी दोन डाव आपल्या फाइलीत शोधावेत. सप्टेंबर २०२२, ज्युलियस बेअर जनरेशन कप, नीमन विरुद्ध कार्लसन: १. डी४ घोडा एफ६ २. सी४, आणि कार्लसनने डाव सोडला. बुकाच्या हिशोबी २. सी४ ने जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला दोन चालींत हरवलं. मार्च २०२१, कार्लसन आणि नाकामुरा: १. ई४ ई५ २. राजा ई२ राजा ई७, मग थोडी मागेपुढे येरझार आणि बरोबरी. फाइलीत २७०० च्या वरचेच डाव ठेवलेत तर बाँगक्लाउड (दुसऱ्याच चालीत राजा बाहेर काढायची ही थट्टा) काळ्याला भक्कम बरोबरी देतो असं दिसेल!

---

बिटवाला, सोमवार, दुपारी १:२५

हलकंच घेतलं, पण कार्लसनचा डाव कामाचा आहे. तो २. सी४ नंतरच्या स्थितीत 'पोचला', पण तिथून पुढे चालच नाही. म्हणून स्थितीचा एकूण आकडा आणि खालच्या चालींची बेरीज यात एकाचा फरक पडतो. बेरीज थोडी कमी भरली की लोक घाबरतात. एवढंच कारण असतं.

आता राहिलं 'बिन' बुकाचं, चौथं दुखणं. पॉलीग्लॉटच्या बुकात टक्के नसतातच! फाब्यें लतूझेची ती पद्धत फार आटोपशीर आहे: एका नोंदीला १६ बाइट. ८ बाइट स्थितीचा क्रमांक, २ चालीला, २ वजनाला, ४ शिकण्यासाठी राखीव. किती डाव, किती जिंकले, काही नाही. फक्त एक वजन. आणि ते निघतं असं: चाल करणाऱ्याच्या प्रत्येक विजयाला २, बरोबरीला १, पराभवाला शून्य.

समजा एक चाल २०० डावांत आली, १०० विजय, ५० बरोबरी, ५० पराभव. वजन २५०. दुसरी ७० डावांत, ४० विजय, ३० बरोबरी. वजन ११०. पडदा दाखवतो ६९ टक्के आणि ३१ टक्के. बघणाऱ्याला वाटतं पहिली दुप्पट चांगली. प्रत्यक्ष यश ६२.५ आणि ७८.६, म्हणजे दुसरीच सरस. 'बिन'मधले टक्के म्हणजे इंजिन ती चाल किती वेळा निवडेल याचा वाटा, त्यात लोकप्रियता आणि यश खिचडीसारखं एकत्र शिजलेलं असतं. तांदूळ-डाळ परत वेगळी करता येत नाही. शिवाय वजनाला दोनच बाइट, म्हणजे ६५,५३५ च्या वर मावत नाही, म्हणून मोठ्या फाइलीत आकडे आखडून बसवलेले असतात.

तेव्हा 'बिन' इंजिनाला खायला घालण्यापुरतं ठेवा. अभ्यासाला डेटाबेसच.

---

अडीचघर, सोमवार, रात्री ११:१५

सगळं नव्याने केलं. तीन स्रोत तीन फाइलींत. जुना डेटाबेस आणि आठवडी गठ्ठे यातले दुहेरी काढले (मोजायची हिंमत केली नाही, पण फाइल हलकी झाली). टॅग आणि शेवटचा निकाल जुळत नसलेले डाव बाजूला काढले. माझे ऑनलाइन डाव वेगळे ठेवले.

ते वेगळे केल्यावर एक शोध लागला. फ्रेंचच्या विनावर प्रकारात ३. घोडा सी३ उंट बी४ ४. ई५ सी५ ५. ए३ उंट ए५ ही चाल माझ्या बुकात भलतीच लोकप्रिय दिसायची. मी ती 'लोक एवढी खेळतात तर' म्हणून उचलली होती. आता माझे डाव काढल्यावर ती खाली घसरली. ते लोक म्हणजे मीच होतो.

एन पासांचं प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवलंय, बिटवाल्यांचे तीन क्रम जसेच्या तसे देऊन. उत्तराची वाट बघतोय. फ्रेंच सोडत नाहीये. क्लबात मात्र उद्या थोडं गप्प बसेन.

---

विदर्भी_वजीर, सोमवार, रात्री ११:३०

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) राजेहो. स्पर्धेचा निकाल या धाग्यावरच टाका. अन् टॅगमध्ये आणि शेवटी एकच लिहा.

---

उंटावरचा_शहाणा, मंगळवार, रात्री १२:४७

कुणी जागं आहे का?

ती एका डावाची चाचणी मीही करून बघितली. १०० आणि १००.

कॅरो-कानचे ते ५४ टक्के... जाऊ दे. हत्तीराव, दुहेरी डावांचं ते अवजार कुठून उतरवायचं?